ख्रिस्ती मिशनचे कार्य आणि मातंग समाज

समाजाच्या पूर्वेतिहासावर निदान एक तरी लेख स्मरणिकेत असावा, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. त्या प्रथेनुसार लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम, मुक्ता साळवे यांचा निबंध आणि अण्णा भाऊ साठे यांचे साहित्य यांविषयी आपण वेळोवेळी वाचत आलो आहोत. परंतु याच इतिहासातील एक दालन आपण आजवर उघडलेले नाही. आपल्यापैकी ज्या घरांनी तीन-चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांची हकीकत आपल्या लिखाणात येत नाही. त्यांच्याकडे लग्नकार्याची पत्रिका जाते, दुःखाच्या प्रसंगी जाणेयेणेही होते; मात्र समाजाचा इतिहास लिहावयास बसलो म्हणजे ती घरे आपल्या लेखी नसल्यासारखीच असतात. ही उणीव थोडीबहुत भरून काढावी, या हेतूने हे टिपण ज्ञातिबांधवांच्या सेवेशी सादर करीत आहे. मिशनची स्तुती करणे हा याचा हेतू नाही आणि निंदा करणे हाही नाही. झाले ते का झाले व त्यातून आपल्या पदरात काय पडले, एवढेच पाहावयाचे आहे.

ज्या बेलापुरात आपण दरवर्षी एकत्र जमतो, ते खाडीकाठचे बेलापूर. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, त्यानंतर येथे कचेऱ्या व वसाहती उभ्या राहिल्या आणि घाटमाथ्यावरची अनेक कुटुंबे कामधंद्यासाठी इकडे येऊन स्थिरावली. महाराष्ट्रात दुसरेही एक बेलापूर आहे. ते प्रवरेच्या काठी, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकालाही बेलापूर हेच नाव पडले. आपल्या सभासदांपैकी ज्यांचे मूळ गाव नगरकडचे आहे, त्यांना ही दोन्ही बेलापुरे ठाऊक आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या दोन गावांतील भेद बोधप्रद आहे.

खाडीकाठच्या या पट्ट्यात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला. १५३४ साली वसईचा मुलूख त्यांच्या हाती गेला आणि वसई, साष्टी, ठाणे या भागांत त्यांची देवळे उभी राहिली. येथील बेलापूरचा किल्लाही काही काळ पोर्तुगीजांच्या व पुढे मराठ्यांच्या ताब्यात होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य गेले, पण शेतकरी, कोळी इत्यादी जे लोक ख्रिस्ती झाले होते ते ख्रिस्तीच राहिले. तो धर्म राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ आला होता. घाटमाथ्यावर, प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांत, जे घडले ते याहून निराळे. तेथे पाद्री आला तो शाळा व छापखाना घेऊन, आणि त्याच्याभोवती प्रथम जमले ते गावकुसाबाहेरचे लोक. आपल्या समाजाचा संबंध आहे तो या दुसऱ्या प्रवाहाशी.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन तरुण पाद्री १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना राहू देण्यास राजी नव्हती. आपल्या मुलखात धर्मोपदेशक फिरू लागले तर प्रजा बिथरेल आणि व्यापारास धक्का बसेल, अशी कंपनी सरकारास धास्ती होती. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी मराठीचा अभ्यास केला, शाळा काढल्या, छापखाना घातला, आणि १८२६ साली मराठीतील नवा करार छापून पूर्ण केला. त्याच वर्षी हॉलसाहेब नाशिककडून परत येत असता वाटेत पटकीने वारले. १८२४ साली या मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. पुढे सिंथिया फॅरार नावाच्या अविवाहित अमेरिकन बाई अशा शाळांचे काम पाहू लागल्या. १८३१ च्या अखेरीस मिशनचे ठाणे अहमदनगरास झाले. फॅरारबाईही १८३९ साली तेथे गेल्या आणि १८६२ साली तेथेच निवर्तल्या.

त्या काळी आपल्या समाजाची स्थिती काय होती, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेच आहे. दोर वळावे, केरसुण्या व शिंकी करावीत, लग्नात व जत्रेत सनई-हलगी वाजवावी, गाव देईल ते बलुते घ्यावे आणि गावाबाहेर राहावे, असा तो क्रम होता. शुभकार्यात आपले वाद्य चाले, स्पर्श मात्र चालत नसे. विद्येचा तर प्रश्नच नव्हता. सरकारी शाळा निघाल्या तरी त्यांची दारे उघडली नाहीत. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा इतर मुले शाळा सोडून जातील या भीतीने मुंबई सरकारने त्याला आत घेण्याचे टाळले. सरकारच जेथे कचरत होते, तेथे मिशनच्या शाळांनी अस्पृश्य मुलांना बसू दिले. वरिष्ठ जातींची मुले त्यापायी निघून गेली तरी शाळा चालूच ठेवल्या. मिशनच्या कार्यातील ही गोष्ट मोठी आहे, आणि ती मान्य करण्यात कोणालाही कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

तथापि विद्येचे सगळे श्रेय मिशनच्या पदरी टाकणेही न्यायाचे होणार नाही. जोतीराव फुले हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि नगरास जाऊन त्यांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, हे खरे. परंतु १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली ती आपल्या स्वतःच्या हिमतीवर. पुढे महार, मांग आदी मुलांसाठी त्यांनी शाळा सुरू केल्या, तेव्हा मुले गोळा करण्यास लहुजी साळवे व राणबा महार यांनी साहाय्य केले. पाद्र्यांचा धडा जोतीरावांनी घेतला, त्यांचा धर्म मात्र घेतला नाही. किंबहुना शाळा काढावयास धर्म बदलावा लागत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

मुक्ता साळवे ही याच शाळेतील आपल्या समाजाची विद्यार्थिनी. मांग व महार यांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या दोन अंकांतून प्रसिद्ध झाला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे पत्र. ते १८४२ साली नगरास निघाले, हेन्री बॅलन्टाईन हे त्याचे पहिले संपादक होत, आणि पुढे ते मुंबईहून निघू लागले. आपल्या समाजातील एका कोवळ्या वयाच्या मुलीचा शब्द छापून आला तो या पत्रात, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

तो निबंध पुन्हा लक्षपूर्वक वाचला असता एक गोष्ट ध्यानात येते. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले जुलूम, इमारतींच्या पायात माणसे पुरण्याचे प्रकार, आणि बाळंतपणीही अंगावर छप्पर नसलेल्या स्त्रियांचे हाल तिने वर्णिले आहेत. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला आहे. या प्रश्नाचे उत्तर मिशनच्या पत्रात छापताना, आमचा धर्म घ्या म्हणजे प्रश्न सुटेल, असे संपादकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु मुक्ताने ते उत्तर दिलेले नाही. तिने तो प्रश्न देवापुढेच ठेवला आणि आपल्या लोकांना विद्या शिकण्याचा उपदेश केला. छापखाना मिशनचा, शाळा जोतीरावांची आणि बुद्धी आपल्या मांगवाड्यातील. या तिहींचे श्रेय ज्याचे त्याला पोचले पाहिजे.

ज्यांनी धर्म बदलला त्यांच्याकडे आता वळू. मांग समाजात मिशनचे काम ज्या ठिकाणी विशेष झाले, त्यांपैकी एक म्हणजे जालना. तेथील कार्याचे प्रमुख नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये जाऊन राहिला होता. त्याला न्यायालयाने बापाच्या हवाली केले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून सगळी मुंबई गाजली. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याच्या बाजूने कौल दिला व त्यापायी स्वजातीयांचा रोष पत्करला. अशा घरातील नारायणराव १८६३ च्या सुमारास निजामाच्या राज्यात जालन्यास गेले आणि आपल्या लोकांत राहू लागले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले. तेथे विहीर, शेती, शाळा व उपासनेचे देऊळ झाले, आणि वस्तीत मांग कुटुंबांचा मोठा भरणा होता. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर जाण्याची बंदी, त्यांची स्वतःची विहीर असलेले हे गाव. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या मनात काय होते हे शोधणाऱ्याने त्या विहिरीचा विचार अवश्य करावा.

नगर जिल्ह्यात मंडळ्या कशा उभ्या राहिल्या, हेही समजून घेणे जरूर आहे. पाद्री व त्याचा देशी सहकारी गावोगाव फिरत, एखाद्या झाडाखाली बसून उपदेश करीत. ऐकणारे बहुधा गावकुसाबाहेरचे असत आणि त्यांची पहिली मागणी शाळेची असे. मग मिशन एक मास्तर पाठवी. तोच आठवडाभर मुलांना बाराखडी शिकवी आणि रविवारी प्रार्थना चालवी. चार-दोन घरे बाप्तिस्मा घेत, त्यांची मंडळी स्थापन होई, आणि कालांतराने त्यांच्यातीलच एखादा शिकून मास्तर किंवा पाळक बने. बायकांत जाऊन वाचून दाखविण्यासाठी बायबलबाई असत. लोकांची आवड ओळखून ख्रिस्ती कीर्तनेही सुरू झाली. पाद्री वर्षातून थोडेच दिवस गावी असे. उरलेले दिवस मास्तर, पाळक व बायबलबाई हेच मिशन होते, आणि ही सारी माणसे आपल्या किंवा आपल्या शेजारच्या समाजांतील होती. मिशनच्या इतिहासात परदेशी पाद्र्यांची नावे ठळकपणे येतात, यांची तेवढ्या ठळकपणे येत नाहीत. निदान आपण तरी त्यांचा विसर पडू देऊ नये.

बाप्तिस्मा घेणे ही काही सोपी गोष्ट नव्हती. ख्रिस्ती झालेल्याने देवीच्या जत्रेत वाजवावयाचे नाही, असा मंडळीचा दंडक. वाजविले नाही की गावाने बलुते बंद करावे, असा गावाचा न्याय. म्हणजे धर्म बदलणाऱ्याला प्रथम भाकरीशी झगडावे लागे. उलट १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात अन्नासाठी पुष्कळ लोक मिशनच्या आश्रयास गेले आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्त्यांची संख्या बरीच वाढली. यावरून पोटासाठी धर्म विकला, असा टोमणा मारण्याची चाल पडली. ज्यांच्या कोठारात धान्य होते त्यांनी हा टोमणा मारावा, हे शोभण्यासारखे नाही. उपाशी माणसाला ज्याने हात दिला त्याच्यामागे तो गेला, यात त्या माणसाची नालस्ती नसून शेजाऱ्यांची आहे. शिवाय दुष्काळ सरल्यावरही अनेक घरे पिढ्यानपिढ्या त्या धर्मात राहिली, हेही विसरता येत नाही.

१८८२ साली मुंबईत मुक्तिफौज आली. तिचे पुढारी फ्रेडरिक टकर यांनी फकीरसिंग असे नाव घेतले, भगवी वस्त्रे परिधान केली आणि अनवाणी फिरून ते गोरगरिबांत राहू लागले. रस्त्यावर मिरवणूक काढल्याबद्दल सरकारने त्यांच्या लोकांना अटकही केली. साहेबाच्या वेषातील पाद्री आणि भगव्या कफनीतील फकीरसिंग यांतला फरक आपल्या लोकांनी ओळखला नसेल असे नाही. तो काळ हजेरीचा होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, मांग गारुड्यांसारख्या जमाती त्याखाली आल्या, आणि कित्येक गावी आपल्या पुरुषांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीत या हजेरीचे वर्णन आहे. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला.

आता दुसरी बाजू. देवापुढे सर्व सारखे, ही शिकवण मिशनने दिली. परंतु जात देवळाच्या उंबऱ्यावर थांबली नाही, ती आत आली. नगरच्या मंडळ्यांत महार समाजातून आलेल्यांचा भरणा मोठा होता, मांग थोडे होते. पंगतीला एकत्र बसणारेही सोयरीक जुळविताना जुनी जात पाहत राहिले. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरास राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आपल्या मनातील सोवळे कसकसे गळून पडले, ते मोकळेपणाने सांगितले आहे. एका सुशिक्षित घराला यासाठी जर इतके झगडावे लागले, तर खेड्यातील मंडळीत जात सहजी गेली नाही, यात आश्चर्य ते काय? दुसरी उणीव परावलंबनाची. शाळा, दवाखाना, नोकरी, सर्व काही मिशनचे. त्यामुळे परदेशचा पैसा आटला तसे अनेक ठिकाणचे कामही आटले. तिसरी उणीव आपल्या वाद्यांची. हलगी व सनई ही मूर्तिपूजेची साधने ठरल्याने कित्येक घरांतून ती विद्या पिढीजात असूनही गेली. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत दुःखाची, म्हणजे भावाभावांतील दुरावा. एका वाड्यातील अर्धी घरे प्रार्थनेला व अर्धी मरीआईला जाऊ लागली, आणि हळूहळू एकमेकांना परकी झाली.

या दुराव्यावर पुढे कायद्याचाही शिक्का बसला. १९५० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला, त्यात हिंदू धर्माबाहेरच्यास अनुसूचित जातीचा मानू नये असे कलम होते. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यात स्थान देण्यात आले; ख्रिस्त्यांना दिले गेले नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गात झाली. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. काय व्हावे याविषयी आपल्या सभासदांत मतभेद आहेत. सवलतींचे वाटेकरी वाढतील ही एका बाजूची चिंता. गावाने शिवाशीव पाळताना धर्म विचारला नव्हता हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. दोन्हींत तथ्य आहे आणि त्याचा निर्णय या लेखाचे काम नव्हे. परंतु सवलतीचा निर्णय सरकारचा असला, तरी नात्याचा निर्णय सरकारकडे नाही. दाखल्यावर काय लिहिले आहे यावरून पणजोबा निराळा होत नाही.

या पणजोबांच्या निमित्तानेच एक सूचना करावीशी वाटते. वरिष्ठ जातींची कुलवृत्तांते छापली गेली, त्यांच्या वंशावळी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नोंदलेल्या आहेत. आपल्या पूर्वजांची नावे कोठे सापडणार? हजेरीच्या पुस्तकात संशयित म्हणून, किंवा बलुत्याच्या कागदात काम करणारा म्हणून. परंतु मिशनच्या देवळांतून बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याची रीत आहे. माणसाचे नाव, आईबापांचे नाव, गाव व तारीख अशी ती नोंद असते. ज्याला गावाने नुसते ‘मांग’ म्हणून हाक मारली, त्याचे पूर्ण नाव शाईने लिहिलेले त्या वहीत आढळू शकते. ख्रिस्ती झालेल्या भावाची नोंद मिळाली म्हणजे न झालेल्या भावाच्याही बापाचे नाव मिळाले. अशा रीतीने त्या वह्या आपणा सर्वांच्याच आहेत. जुना कागद वाळवीला व ओलाव्याला फार काळ दाद देत नाही, हे मात्र ध्यानी असावे.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे. ज्या सभासदांचे मूळ गाव नगर, जालना किंवा मिशनचे काम झालेल्या अन्य भागातील आहे, त्यांनी दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाल तेव्हा तेथील पाळकांना भेटावे, सभ्यपणे परवानगी मागून आपल्या घराण्याच्या नोंदी उतरवून आणाव्यात आणि त्या मंडळाकडे द्याव्यात. ज्या मास्तरांनी व बायबलबाईंनी मांगवाड्यात पहिल्या पाट्या गिरविल्या, त्यांची नावे वृद्ध मंडळींना विचारून टिपून घ्यावीत. आणि पुढील स्मरणिकेत आपल्या ख्रिस्ती नातलगांपैकी कोणाला तरी त्यांची हकीकत लिहिण्यास आग्रहाने सांगावे. देवळात जाणारे, विहारात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे, सर्वांची मुळे त्याच गावकुसाबाहेरच्या मातीत आहेत. मुक्ताने विद्येविषयी जे सांगितले ते तिने या सर्वांच्या पूर्वजांना उद्देशूनच सांगितले होते. तिच्या त्या सांगण्याला आपली घरे कितपत जागली, हे पुढच्या पिढीस कळावयाचे असेल, तर कोणतेही घर न वगळता हा इतिहास लिहिला पाहिजे. ते कार्य तरुण मंडळींच्या हातून सिद्धीस जावो, अशी सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.